कुशीवरची झोप आणि झोपेतील श्वासरोध

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा पाठ)



मंदिराच्या सभागृहात सकाळचे प्रवचन चालू असते. पुढच्या रांगेत, भिंतीला टेकून, स्वच्छ धोतर नेसलेले एक गृहस्थ बसलेले असतात. मंगलाचरण संपते न संपते तोच त्यांची मान कलते, हनुवटी छातीवर येते आणि थोड्याच वेळात घोरण्याचा बारीक सूर मागच्या रांगेपर्यंत पोचतो. मुले हसू दाबतात. शेजारचे गृहस्थ कोपराने डिवचतात. कोणी म्हणते, वय झाले. कोणी म्हणते, प्रमाद. स्वतः ते गृहस्थ मात्र ओशाळलेले असतात, कारण रात्री दहाला अंथरुणाला पाठ टेकून ते सकाळी सहाला उठलेले असतात. आठ तास झोपूनही झोप पुरत नाही, याचा उलगडा त्यांना झालेला नसतो. असे एक तरी गृहस्थ प्रत्येक गावाच्या प्रवचनसभेत असतात, आणि त्यांच्याविषयी आजवर विनोद पुष्कळ झाला, विचार फारसा झाला नाही.

पंधरा प्रमादांत निद्रेची गणना आहे, हे खरे आहे. परंतु तत्त्वार्थसूत्राच्या आठव्या अध्यायात दर्शनावरणीय कर्माच्या ज्या नऊ प्रकृती सांगितल्या आहेत, त्यांत निद्रा, निद्रानिद्रा, प्रचला, प्रचलाप्रचला आणि स्त्यानगृद्धी अशा निद्रेच्या पाच जाती वेगळ्या नोंदवल्या आहेत. बसल्या जागी येणारी डुलकी ती प्रचला. म्हणजे साधी झोप आणि बसल्याबसल्या माणसाला ओढून नेणारी झोप यांत शास्त्रकारांनी भेद केला आहे. वैद्यकशास्त्रही आज तोच भेद वेगळ्या कारणासाठी करते. रात्री पुरेसे झोपूनही दिवसा बसल्या जागी डोळा लागत असेल, तर त्या माणसाची रात्र तपासावी, असे ते सांगते. अशा वेळी पुष्कळदा जो विकार आढळतो त्याचे नाव ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’. मराठीत त्याला झोपेतील श्वासरोध म्हणता येईल. या विकाराचा एक पैलू, म्हणजे शरीर कोणत्या अंगावर टेकलेले आहे याचा श्वासावर होणारा परिणाम, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

नाकापासून फुप्फुसापर्यंतच्या वाटेवर एक टापू असा आहे की ज्याला स्वतःचा ताठ सांगाडा नाही. नाकाला हाड आणि कूर्चा आहे. श्वासनलिकेला कूर्चेची कडी आहेत. परंतु पडजिभेच्या मागून स्वरयंत्राच्या वरपर्यंतचा घसा मुख्यतः स्नायूंच्या भिंतींवर उभा आहे. त्याच वाटेने घास गिळायचा असतो आणि त्याच पोकळीत शब्दाला आकार यायचा असतो. ताठ नळीने ही कामे साधली नसती. जागेपणी जिभेचा मुख्य स्नायू प्रत्येक श्वासाबरोबर जिभेला किंचित पुढे धरून ठेवतो आणि वाट मोकळी राहते. झोप लागली की हा पहारा सैल होतो. श्वास आत ओढताना घशात जी ओढ निर्माण होते, तिने सैल भिंती आत खेचल्या जातात. शहाळ्यात घातलेली कागदी नळी भिजून मऊ झाली आणि जोराने ओढली तर ती मध्येच चपटी होते, तसाच हा प्रकार आहे. वाट अर्धवट चपटी झाली की भिंती थरथरतात, तेच घोरणे. ती पूर्ण मिटली की घोरणे एकाएकी थांबते, आणि घरच्यांना वाटते, आता शांत झोप लागली!

त्या शांततेत छाती आणि पोट हालत असतात, पण हवा आत जात नसते. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ असे झाले तर त्याला एक श्वासरोध मानतात. कित्येकदा तो अर्ध्या मिनिटाहून लांबतो. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घसा ताठ होतो, मोठा धाप टाकल्यासारखा श्वास येतो आणि पुन्हा घोरणे सुरू होते. ही जाग इतकी क्षणिक असते की सकाळी तिची स्मृती राहत नाही. कायोत्सर्गात नऊ वेळा णमोकार मंत्र सत्तावीस श्वासोच्छ्वासांत म्हणण्याचा परिपाठ आहे. दिवसा असा श्वास मोजणारा श्रावक रात्री आपलाच श्वास शेकडा-दीडशे वेळा अडतो याविषयी पूर्णपणे अनभिज्ञ असू शकतो. सकाळी डोके जड असते, तोंड कोरडे पडलेले असते. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते आणि त्याचा दोष मधुमेहावर किंवा प्रोस्टेटवर ठेवला जातो. दोन-तीन औषधे घेऊनही रक्तदाब उतरत नाही. आणि दुकानाच्या खरेदीसाठी पहाटे स्वतः गाडी चालवत निघालेल्या माणसाचा महामार्गावर क्षणभर डोळा लागतो. प्रवचनातील डुलकी आणि ही डुलकी एकाच रात्रीची लेकरे असतात.

हा विकार फार जुन्या काळी वर्णिलेला नाही. फ्रान्स आणि जर्मनी येथील संशोधकांनी १९६५ मध्ये स्वतंत्रपणे त्याची नोंद केली. महाराष्ट्रापुरते पाहायचे तर मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी केली, तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. झोपेत श्वास अडण्याचे प्रमाण १९.५ टक्के आणि त्याच्या जोडीला दिवसा झोप येण्याचे लक्षण असलेल्यांचे प्रमाण ७.५ टक्के निघाले. ही पाहणी पुरुषांची होती. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर हा विकार वाढतो, आणि घोरणे हे स्त्रीने सांगण्यासारखे नाही अशी समजूत असल्यामुळे तो उघडकीस मात्र उशिरा येतो.

आता शयनाच्या स्थितीकडे वळू. मराठीत निजण्याला ‘पाठ टेकणे’ म्हणतात, आणि दुपारच्या विश्रांतीला ‘वामकुक्षी’. पहिला शब्द उताण्या झोपेचा, दुसरा डाव्या कुशीचा. वामकुक्षी म्हणवून आरामखुर्चीत तोंड उघडे टाकून झोपणारेच जास्त, हा भाग निराळा. घराघरांत डोके कोणत्या दिशेला असावे, दक्षिणेकडे पाय करावेत की नाही यावर वाद होतात. पोट छताकडे असावे की भिंतीकडे, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. श्वासाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न मात्र हाच आहे.

माणूस उताणा निजला की जीभ, मृदू टाळू आणि पडजीभ ही सारी आपल्या वजनाने मागे, म्हणजे घशाच्या पोकळीवर येतात. कुशीवर तेच वजन बाजूला पडते आणि वाट तुलनेने मोकळी राहते. पोकळीचा आकारही बदलतो. उताण्या स्थितीत ती पुढून-मागून दबून आडवी, चपटी होते. आणखी एक कारण फुप्फुसात आहे. उताणे निजल्यावर पोटातील अवयव पडद्याला वर ढकलतात व फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा कमी होते. फुप्फुस भरलेले असले की श्वासनलिका खाली ओढली जाते व घसा ताणलेला राहतो. ही ओढ सुटली की घसा अधिक ढिला पडतो. सुटलेल्या पोटाच्या माणसाला हे कारण विशेष लागू आहे. योगवर्गात शवासन सुरू झाले की दोन-तीन मिनिटांत कोणीतरी घोरू लागतो आणि ‘मकरासन करा’ म्हटले की आवाज थांबतो, त्याचे रहस्य हेच.

हे निरीक्षण लोकांना पूर्वीपासून होते. घोरणाऱ्या नवऱ्याला ढोसून कुशीवर वळवणाऱ्या गृहिणीला ते कोणी शिकवले नव्हते. त्याला मोजमापाची शिस्त आणली ती अमेरिकेतील शिकागोच्या मानसशास्त्रज्ञ रोझलिंड कार्टराइट यांनी. १९८४ मध्ये त्यांनी उताण्या झोपेतील आणि कुशीवरच्या झोपेतील श्वासरोध वेगवेगळे मोजले, आणि उताण्या स्थितीतील संख्या दुसऱ्या स्थितीतील संख्येच्या निदान दुप्पट असेल तर त्या रुग्णाला ‘स्थितीनिष्ठ’ मानावे, अशी कसोटी दिली. आजही ती वापरली जाते. १९९७ मध्ये इस्रायलमधील ऑक्सेनबर्ग व सहकाऱ्यांनी ५७४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ५५.९ टक्के रुग्ण या कसोटीला उतरले. म्हणजे निम्म्याहून अधिक. हे रुग्ण इतरांच्या मानाने तरुण आणि वजनाने कमी होते, व त्यांचा विकारही सौम्य होता. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण शरीर जसे जाड होत जाते तसा स्थितीचा हा फायदा कमी होत जातो आणि अखेर कोणत्याही कुशीवर श्वास अडू लागतो.

श्वासरोधाची तीव्रता ताशी संख्येने मोजतात. तासाला पाचपेक्षा कमी असेल तर सामान्य. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या पुढे तीव्र. पूर्ण अडलेले आणि अर्धवट अडलेले, दोन्ही श्वास यात धरतात. समाजात हिशेबाची जाण उपजत आहे, म्हणून हा जमाखर्च मांडूनच पाहावा. समजा, एक गृहस्थ सात तास झोपतात. उताण्या स्थितीत त्यांचा श्वास तासाला चाळीस वेळा अडतो, कुशीवर पाच वेळा. ते चार तास उताणे व तीन तास कुशीवर निजले, तर एकशेसाठ अधिक पंधरा, म्हणजे एकशेपंचाहत्तर. सातने भागल्यास ताशी पंचवीस. अहवालावर ‘मध्यम’ असा शेरा येईल. तेच गृहस्थ एकच तास उताणे आणि सहा तास कुशीवर निजले तर चाळीस अधिक तीस, म्हणजे सत्तर, ताशी दहा. शेरा ‘सौम्य’. आणि सातही तास उताणे राहिले तर ताशी चाळीस, शेरा ‘तीव्र’. माणूस तोच, घसा तोच, आणि शेरे तीन.

यावरून दोन गोष्टी निघतात. झोपेची तपासणी, जिला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात, ती करवून घेतल्यावर केवळ एकूण आकडा पाहून भागत नाही. उताणे किती वेळ निजले आणि त्या वेळात आकडा किती, कुशीवर किती वेळ आणि त्यातला आकडा किती, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. बहुतेक अहवालांत ते कोठेतरी आतल्या पानावर दिलेले असते व कोणी तिकडे पाहत नाही. दुसरे असे की, तपासणीच्या रात्री डोक्याला, छातीला, बोटाला तारा लावलेल्या असल्यामुळे माणूस अवघडून नेहमीपेक्षा जास्त वेळ उताणा राहण्याचा संभव असतो. त्यामुळे आकडा फुगू शकतो. उलट, ज्यांनी त्या रात्री योगायोगाने कुशीवरच झोप काढली त्यांचा आकडा फसवा कमी येतो आणि ते निश्चिंत होऊन घरी परततात. ही दुसरी चूक अधिक घातक म्हणावी लागेल.

या ठिकाणी धर्मग्रंथांतील एका नियमाचा उल्लेख करणे उचित होईल. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत क्षितिशयन हा एक आहे. आचार्य वट्टकेरांच्या मूलाचारात त्याचे वर्णन करताना निर्जंतुक भूमीवर, दंडासारखे सरळ किंवा धनुष्यासारखे वाकून, एका कुशीवर शयन करण्यास सांगितले आहे. पंडित दौलतरामांच्या छहढालेतील सहाव्या ढाळीतही मुनींच्या एका कुशीवरच्या अल्प निद्रेचा निर्देश आहे. श्वेतांबर परंपरेत साधू-साध्वी आणि पौषधातील श्रावक रात्री जी संथारा-पोरिसी म्हणतात, तीतही हाताची उशी करून डाव्या कुशीवर निजण्याचा, आणि अंग हलवण्यापूर्वी जागा प्रमार्जित करण्याचा उल्लेख येतो. दोन्ही परंपरा येथे एक आहेत.

परंतु यावरून ‘आमच्या आचार्यांना स्लीप ॲप्निया ठाऊक होता’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरावा. असे दावे स्मरणिकांतून पुष्कळ वाचायला मिळतात आणि त्यांनी ना शास्त्राचा मान वाढतो ना विज्ञानाचा. मुनींच्या शयनाचा नियम अहिंसेसाठी आणि जागृतीसाठी आहे. कमी जागा व्यापावी, वारंवार कूस बदलून सूक्ष्म जीवांना पीडा होऊ नये, झोप गाढ व सुखासीन होऊ नये, हा त्याचा हेतू. श्वास मोकळा राहणे हा त्याच्या उद्दिष्टांत नाही. तो आनुषंगिक लाभ आहे. मात्र एवढे म्हणता येईल की, कुशीवर रात्र काढणे मनुष्याला अशक्य नाही आणि सवयीने ते अंगवळणी पडते, याची साक्ष चालत्या-बोलत्या परंपरेत आहे. जे श्रावक ‘कुशीवर झोपच येत नाही’ म्हणतात, त्यांनी चातुर्मासात विराजमान असलेल्या वयोवृद्ध मुनिश्रींकडे किंवा माताजींकडे पाहावे.

गृहस्थाला मात्र झोपेत आपली कूस राखता येत नाही, म्हणून साधन लागते. सर्वांत जुने साधन म्हणजे बनियनच्या पाठीमागे, दोन खवाट्यांच्या मधोमध खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घालणे. उताणे होताच तो टोचतो आणि माणूस झोपेतच परत वळतो. साधन नामी आहे, खर्च जवळजवळ नाही. अडचण टिकण्याची आहे. ऑस्ट्रेलियात अशा रुग्णांचा पाठपुरावा करून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात असे दिसले की सुमारे अडीच वर्षांनंतर चेंडू वापरणारे शंभरात दहाही उरले नव्हते. थोड्या जणांनी कुशीची सवय जडल्यामुळे तो सोडला होता; बाकीच्यांनी पाठ दुखते, झोप मोडते म्हणून. आता छातीला अगर मानेला बांधायची, उताणे होताच हलके कंप पावणारी लहान उपकरणे निघाली आहेत व ती अधिक सुसह्य आहेत. घरगुती उपायांत चेंडूऐवजी पाठीशी लांब लोड ठेवून तो बनियनला किंवा पट्ट्याला बांधून टाकावा. नुसता ठेवलेला लोड मध्यरात्री पलंगाखाली सापडतो.

कुशीवर झोप टिकत नाही याचे खरे कारण बहुधा अंथरूण असते. उशी खांदा आणि कान यांतील अंतर भरून काढेल इतपत जाड असावी. पातळ उशीने मान खाली लोंबते व सकाळी आखडते. दोन गुडघ्यांमध्ये एक लहान उशी ठेवल्यास कंबर पिळवटत नाही. अगदी कठीण सतरंजीवर वयस्कर माणसाचा खांदा व खुबा दुखतो, तेव्हा गादीबाबत व्रत-नियम नसेल तर मऊपणाचा संकोच बाळगू नये. उजवी कूस की डावी, हा प्रश्न श्वासरोधापुरता दुय्यम आहे. ज्यांना रात्री छातीत जळजळ होते त्यांनी डावी घ्यावी; गरोदर स्त्रियांनाही डॉक्टर कुशीवर, बहुधा डाव्या, निजण्यास सांगतात. पालथे निजल्याने घसा मोकळा राहिला तरी मान रात्रभर एका बाजूला मुरडून राहते, म्हणून तो मार्ग सुचवला जात नाही.

खांद्याचा संधिवात, हाडांची शस्त्रक्रिया किंवा अन्य कारणाने ज्यांना कुशीवर निजणे शक्यच नाही, त्यांच्यासाठी उशाकडील बाजू उंच करण्याचा उपाय आहे. ब्राझीलमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पलंगाची उशाकडील बाजू साडेसात अंशांनी उचलल्यावर श्वासरोधाचा आकडा सुमारे एक-तृतीयांशाने उतरला. येथे एक चूक सर्रास होते. उंची म्हणजे दोन-तीन उश्या असे समजून डोके तेवढे उंच केले जाते. त्याने हनुवटी छातीला लागते, मान पुढे वाकते आणि घसा उलट अधिक आवळतो. प्रवचनात भिंतीला टेकून घोरणाऱ्या गृहस्थांची हीच स्थिती असते. उचलायचे ते धड, कमरेपासून वर. खाटेच्या उशाकडील पायांखाली भक्कम विटा अगर लाकडी ठोकळे हा जुन्या दवाखान्यांतला उपाय अजूनही चांगला आहे.

एक सावधानतेची सूचना मध्येच दिली पाहिजे. कुशीवर निजण्याचा हा सारा उपदेश मोठ्या माणसांसाठी आहे. तान्ह्या बाळाला पहिले वर्षभर उताणेच निजवावे. कुशीवर अगर पालथे निजवल्याने झोपेत अकस्मात मृत्यू येण्याचा धोका वाढतो. आजी-आजोबांनी येथे ऐकलेले घरी जाऊन नातवावर लागू करू नये.

आता या उपायाची मर्यादा. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतील तज्ज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या, आणि २०१९ मध्ये कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात आठ चाचण्यांतील ३२३ रुग्णांचा विचार केला होता. कुशीवर ठेवण्याच्या उपायाने श्वासरोध कमी होतो, परंतु सीपॅप यंत्राइतका नाही; उलट, लोक तो यंत्रापेक्षा जास्त तास वापरतात, असा त्याचा आशय. दीर्घकालीन परिणामांबद्दल त्यात भक्कम पुरावा नव्हता. ज्यांचा आकडा कुशीवरही तीस-चाळीसच्या पुढे आहे त्यांना बनियनमधला चेंडू वाचवणार नाही. त्यांच्या बाबतीत कुशीवर प्रत्येक श्वासरोध थोडा आखूड होतो, प्राणवायू थोडा कमी उतरतो, एवढेच. घोरणे बंद झाले म्हणजे विकार गेला, हेही खरे नाही.

वजनाचा मुद्दा थोडक्यात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील २००० सालच्या अभ्यासात वजन दहा टक्के वाढल्यास आकडा सुमारे बत्तीस टक्के वाढतो व दहा टक्के घटल्यास सव्वीस टक्के उतरतो, असे आढळले. रात्रिभोजनत्याग आणि मद्यत्याग या दोन नियमांचा येथे लाभच आहे. मद्याने घशाचे स्नायू अधिक ढिले पडतात. पण सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांतही तूप, मिठाई आणि पारण्याच्या पंगती यांचा हिशेब वेगळा लागतो, हे उपस्थितांना सांगायला नको. झोपेच्या गोळ्यांनीही मद्यासारखाच परिणाम होण्याचा संभव असल्याने त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

तीव्र विकारावर सीपॅप हाच आजही मुख्य उपाय आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये तो जगापुढे ठेवला. नाकावरील मुखवट्यातून हलक्या दाबाची हवा सतत सोडली जाते आणि ती घशाच्या भिंतींना आतून टेकू देते. त्यात औषध नाही, प्राणवायूचा सिलिंडर नाही; खोलीतलीच हवा असते. समाजातील वडीलधारी मंडळी हे यंत्र नाकारतात त्यामागे कधीकधी एक अशी शंका असते की जी ते डॉक्टरांपुढे उच्चारत नाहीत. यंत्राला हवा दमट करण्यासाठी पाण्याची लहान टाकी असते, आणि चौविहाराचे प्रत्याख्यान घेतलेल्याला रात्रभर ती वाफ चालेल काय, हा प्रश्न पडतो. त्याचा धार्मिक निर्णय ज्यांच्याकडून नियम घेतला त्या गुरूंनीच द्यावा. वैद्यकीय बाजू एवढीच की, ही टाकी श्वासरोधाच्या उपचाराचा अनिवार्य भाग नाही. ती नाक-घसा कोरडा पडू नये यासाठी असते आणि बहुतेक यंत्रे तिच्याविनाही चालतात. शंका मनात ठेवून यंत्र कपाटात ठेवण्यापेक्षा ती डॉक्टरांना आणि महाराजांना, दोघांनाही विचारावी. तीर्थयात्रेत धर्मशाळेच्या सामूहिक खोलीत लोक काय म्हणतील म्हणून यंत्र घरी ठेवून जाणारेही आहेत. त्या खोलीत त्यांच्या घोरण्याने कोणाला झोप लागत नाही, हे सहयात्रेकरू संकोचाने बोलत नाहीत, इतकेच.

ज्यांची शस्त्रक्रिया व्हायची आहे त्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा विकार आधी सांगावा. भुलीनंतर घसा आणखी ढिला असतो, आणि त्या काही तासांत रुग्णाला शक्य तितके उताणे न ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे. मोतीबिंदूसारख्या लहान शस्त्रक्रियेतही उताणे पडून राहावे लागते, म्हणून तेथेही सांगावे.

निदानाची सुरुवात घरातूनच होते, कारण रुग्ण स्वतः साक्षीदार नसतो. पत्नी असेल तर तिला ठाऊक असते. एकटे निजणाऱ्या विधुर आजोबांचे, विधवा आजीचे कोण पाहणार, हा समाजापुढचा खरा प्रश्न आहे. नातवाने मोबाइलवर मध्यरात्री आणि पहाटे पाच-दहा मिनिटांचे चित्रण केले तरी डॉक्टरांना पुष्कळ कळते. पहाटेचे विशेष, कारण स्वप्नांची झोप उत्तररात्री जास्त असते व श्वासरोध तेव्हा बळावतो. चित्रणात आजोबा उताणे आहेत की कुशीवर, हे दिसले पाहिजे. कुशीचा उपाय सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी, चेंडू किंवा उपकरण अंगावर असतानाच, तपासणी पुन्हा करून घ्यावी. ताजेतवाने वाटते एवढ्यावर विसंबू नये.

पुढच्या रांगेतील त्या गृहस्थांना यापुढे कोपराने डिवचण्याऐवजी प्रवचन आटोपल्यावर चपला घालताना तीन प्रश्न विचारावेत. रात्री घोरता-घोरता मध्येच आवाज बंद पडतो असे घरचे म्हणतात का? तो उताणे असताना की कुशीवरही? आणि गाडी स्वतः चालवता का? पहिल्याचे उत्तर होय आले, तर आठवडा उलटण्यापूर्वी त्यांना कान-नाक-घसातज्ज्ञांकडे किंवा छातीच्या विकारांच्या डॉक्टरांकडे घेऊन जावे. तिसऱ्याचेही होय आले, तर तोवर गाडी मुलाला चालवू द्यावी.

जय जिनेंद्र.